संशय कोणावर, सलाम कोणाला

2019 च्या जानेवारीत यवतमाळात 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्या इंग्रजीत लिहितात, एवढ्यावरून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी संमेलन उधळण्याचा इशारा दिला. गडबड होईल या भीतीने आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं आणि 91 वर्षांच्या लेखिकेला ‘येऊ नका’ असं कळवलं. पुढे राज ठाकरे यांनी स्वतः आपला विरोध नसल्याचं सांगून दिलगिरी व्यक्त केली, तरीही पुन्हा बोलावणं गेलं नाही.

त्या आठवड्यात निमंत्रण रद्द करण्याचं समर्थन करणाऱ्यांनी एक युक्तिवाद पुढे केला होता. तो तेव्हा दबक्या आवाजात केला जायचा, आता छाती पुढे काढून केला जातो. तो असा: परक्याकडे संशयाने पाहणं ही आपल्या समाजाची सवय आहे आणि ती उगाच लागलेली नाही. हजार वर्षं परकीयांनी आपल्याला लुटलं, देवळं फोडली, राज्यं बुडवली, म्हणून हा संशय संस्कृतीत मुरला. तो इतिहासाने दिलेला शहाणपणा आहे, तेव्हा त्याची लाज कशाला बाळगायची?

मला या युक्तिवादाचा प्रतिवाद करायचा आहे. संशय आहे, हे मला मान्य आहे. आक्रमणं झाली, हेही मान्य आहे. पण पहिली गोष्ट दुसरीतून निघाली, हे साफ खोटं आहे. लुटणाऱ्या परक्याची धास्ती जर खरोखर आपल्या रक्तात भिनली असती, तर आपण बलवान परक्यापासून सावध राहिलो असतो आणि दुबळ्या परक्याला निर्धास्तपणे ओसरीवर बसू दिलं असतं. आपण करतो ते बरोबर उलटं. दाराशी झोळी घेऊन आलेल्या माणसावर आपण संशय घेतो, आणि करारपत्र घेऊन आलेल्या कंपनीला सलाम ठोकतो. इतिहासाने पोळलेला समाज असा वागत नाही. उतरंडीत वाढलेला समाज असा वागतो.

या मताचे अभ्यासू पुरस्कर्ते अल्-बिरुनीचा दाखला देतात. गझनीच्या महमूदाच्या काळात, अकराव्या शतकात, या विद्वानाने हिंदुस्थानावर मोठा ग्रंथ लिहिला. इथले लोक परक्यांना म्लेच्छ म्हणतात, त्यांच्याबरोबर बसणं-उठणं, खाणंपिणं टाळतात, त्यांच्या स्पर्शाने बाट लागतो असं मानतात, हे त्याने नोंदवून ठेवलं आहे. महमूदाच्या स्वाऱ्यांनी ही तेढ वाढली, असंही तो सांगतो. बहुतेक जण इथपर्यंत वाचून ग्रंथ मिटतात. पण त्याच प्रकरणात तो पुढे म्हणतो की आपल्यासारखा देश नाही, आपल्यासारखं शास्त्र कोणाकडे नाही, अशी या लोकांची समजूत आहे. ते देशोदेशी फिरले आणि इतरांत मिसळले तर ती समजूत टिकणार नाही. आणि त्यांचे पूर्वज असे कोत्या मनाचे नव्हते. याला पुरावा म्हणून तो वराहमिहिराचं नाव घेतो. यवन म्लेच्छ असले तरी ज्योतिषशास्त्र त्यांच्यात चांगलं रुजलं आहे, म्हणून त्यांचा मान राखावा, असं सहाव्या शतकातल्या या आचार्याने सांगितलं होतं.

म्हणजे ज्या साक्षीदाराला हे लोक उभं करतात, त्याचीच साक्ष त्यांच्या विरुद्ध जाते. विटाळाचा जो नियम अल्-बिरुनीने पाहिला तो महमूदाला पाहून कोणी तयार केलेला नव्हता. तो आधीपासून होता आणि गावातल्याच माणसांसाठी होता. पाणवठा कोणाचा, अंगणात कोण कुठवर येणार, पाणी वरून ओतायचं की भांडं हातात द्यायचं, हे सारं ठरलेलं होतं. परका आला तेव्हा त्याला या तयार मापात कुठेतरी बसवायचं, एवढंच उरलं. अजूनही अनोळखी माणूस गावात आला की नाव विचारून झाल्यावर आडनाव विचारतात, आणि आडनावावरून अंदाज आला नाही तर ‘कोणत्या समाजाचे?’ असं विचारतात. हा प्रश्न गझनीहून आलेला नाही.

पुण्यातलं पंचहौद प्रकरण आठवा. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका कार्यक्रमात रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यावरून शहरात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, माजलं, प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलं, आणि अखेर रानडे-टिळकांसारख्यांवरही प्रायश्चित्ताची वेळ आली. तेव्हा हिंदुस्थानावर इंग्रजांचं राज्य होतं. गोऱ्या कलेक्टरच्या हाताखाली नोकरी करण्यात, त्याच्या दरबारात खुर्ची मिळवण्यात ग्रामण्य करणाऱ्यांपैकी कोणाला बाट दिसला नव्हता. तो दिसला मिशनमधल्या कपभर चहात. देश गिळून बसलेला परका चालत होता, त्याच्या हातचा चहा चालत नव्हता. याला आक्रमणाची आठवण म्हणता येईल का?

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. यवतमाळला परक्याने लुटलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला तो काही दयेपोटी नव्हे. इथली काळी कसदार जमीन आणि तिच्यात पिकणारा कापूस त्यांना हवा होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी नॅरोगेज रेल्वे ब्रिटिश भांडवलावर उभी राहिली. किलिक निक्सन या कंपनीचा तिच्यामागे हात होता. इथला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढायचा, तिथून मुंबई बंदरात आणि मग मँचेस्टरच्या गिरण्यांत जायचा. स्वातंत्र्य मिळालं, देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण हा रूळमार्ग कंपनीकडेच राहिला आणि भारतीय रेल्वे तो वापरण्याचा मोबदला कित्येक दशकं देत राहिली. या गाडीला आपण ‘शकुंतला’ म्हणतो. ती बंद पडली तेव्हा जिल्हा हळहळला, ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आंदोलनं झाली. ते प्रेम खरं आहे, गोरगरिबांना परवडणारी ती एकच गाडी होती, आणि तिच्यासाठी भांडणाऱ्यांच्या बाजूने मीही आहे. माझं म्हणणं एवढंच, की परक्या कंपनीचा माल म्हणून या जिल्ह्याने तिच्याकडे कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

याहून जवळचं उदाहरण आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. 2017 च्या खरिपात कपाशी डोक्याच्या वर गेली होती. किडीचा जोर होता. शेतमजूर दिवसदिवस फवारणी करत होते. उंच झाडांवर मारलेलं औषध परत त्यांच्याच तोंडावर, डोळ्यांवर, अंगावर पडत होतं. हातमोजे नव्हते, चष्मा नव्हता, तोंडाला बांधायला फार तर दुपट्टा. ऑगस्ट-सप्टेंबरपासून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात माणसं भरती होऊ लागली. कोणाची दृष्टी गेली, कोणाला भान राहिलं नाही, कोणाला खाटेला बांधून ठेवावं लागलं. शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. जी औषधं फवारली जात होती त्यांत ‘पोलो’ हेही एक होतं. ते सिंजेंटाचं, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या कंपनीचं. त्यातला डायफेन्थियुरॉन हा घटक खुद्द स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून विक्रीला नाही. 2020 च्या सप्टेंबरमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका बाधित शेतकऱ्याने आणि दोन मृतांच्या बायकांनी बासेलच्या न्यायालयात कंपनीविरुद्ध दावा लावला. कंपनीला जबाबदारी मान्य नाही.

त्या वर्षी मोर्चे निघाले, चौकशी पथक नेमलं गेलं, काही औषधांवर तात्पुरती बंदीही आली. हे सगळं माणसं मेल्यावर झालं. त्याआधी त्या बाटलीकडे परकी वस्तू म्हणून कोणी पाहिलं नव्हतं. कृषी केंद्रातून ती आणली, झाकणाने मोजून पंपात ओतली, पाठीवर घेतली. तिच्यावरची सूचना इतक्या बारीक अक्षरात की चष्मा लावूनही वाचता येऊ नये. हजार वर्षांच्या आक्रमणांनी शिकवलेला शहाणपणा कुठे तरी उपयोगी पडायचा होता, तर तो इथे पडायला हवा होता. इथे तो का जागा झाला नाही, याचं उत्तर ‘संशय आमच्या संस्कृतीत आहे’ म्हणणाऱ्यांनी द्यावं.

तो जागा होतो तो वेगळ्या ठिकाणी. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले, त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या महिन्यात मोबाईलवर राज्यभर फिरत होते. या पाचांना जमावाने घेरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेही जीव जाईपर्यंत मारलं.  त्यांची भाषा मराठी, देव आपलेच, ओवाळणीला आलेल्या भावासारखे दरवर्षी दारी येणारे. तरी ते ‘बाहेरचे’ ठरले, कारण त्यांना घर नव्हतं, शेत नव्हतं, त्यांच्यामागे कोणी नव्हतं. दोन वर्षांनी, 16 एप्रिल 2020 ला, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोरांच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक असेच मारले गेले. त्या हत्याकांडाला धर्माचा रंग देण्याची घाई झाली, पण तिथेही मुळाशी होती ती रात्रीच्या वेळी आलेल्या अनोळखी माणसाबद्दलची तीच अफवा.

1 जुलै हा दिवस महाराष्ट्रात कृषिदिन म्हणून साजरा होतो. तो वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. पुसद तालुक्यातल्या गहुलीचा हा बंजारा मुलगा 1963 ते 1975 असा अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचा मुख्यमंत्री होता, आणि आजवर इतकी सलग वर्षं त्या पदावर दुसरं कोणी राहिलेलं नाही. त्यांचा समाज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख तुडवत आला. रेल्वे आली आणि तो धंदा बुडाला. आज सरकारच्या यादीत बंजारा समाज विमुक्त जातींमध्ये येतो. राईनपाड्यात पाच भटक्यांचा जीव गेला त्या दिवशी राज्यभरातल्या कार्यालयांत एका भटक्या समाजातून आलेल्या मुख्यमंत्र्याच्या तसबिरीला हार घातले गेले होते. ज्यांना आपण आज परके म्हणून हाकलतो त्यांच्यातूनच आपले कर्ते लोक निघाले आहेत. एवढ्यासाठी दूर जायची गरज नाही, पुसदच्या रस्त्यावरून गेलं तरी पुरे.

पारध्यांचं तर याहून वाईट. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्माला येणारं मूलच गुन्हेगार ठरवलं. 31 ऑगस्ट 1952 ला तो रद्द झाला, पण आपल्या मनातून गेला नाही. चोरी कुठेही होवो, पोलिसांची गाडी आधी पारधी बेड्यावर जाते. संशय आमच्या संस्कृतीत आहे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की हा संशय इंग्रजांच्या कचेरीत शिक्का मारून आपल्याला दिलेला असताना तो आपला कसा? परकीयांचा तिटकारा करणाऱ्यांनी परकीयांनीच लिहिलेली यादी अशी सांभाळून का ठेवावी?

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. काही संशय खरेच अनुभवातून आलेले असतात. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागांतल्या कोलाम आणि गोंड वस्त्यांवर जा. कागद घेऊन आलेल्या माणसाकडे म्हातारी माणसं दुरूनच बघतात. कोरा कागद, अंगठा आणि सावकार, एवढ्यात त्यांच्या जमिनी गेल्या. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देणारा कायदा महाराष्ट्राला 1974 मध्ये करावा लागला, यावरून ती लूट किती झाली असेल याची कल्पना यावी. हा संशय मला पटतो. पण तो दुबळ्याने बलवानाबद्दल बाळगलेला संशय आहे, आणि तो कोणाचा जीव घेत नाही. फार तर कागदावर सही करत नाही. राईनपाड्याच्या संशयाची जात निराळी. तिथे चारशे हात होते आणि पाच झोळ्या होत्या. दोन्हींना एकच नाव देऊन संस्कृतीच्या खाती जमा करणं, हा लबाडीचा हिशोब आहे.

आता परत संमेलनाकडे येतो, कारण यवतमाळचा माणूस म्हणून तो डाग मला पुसून टाकायचा आहे. त्या दिवसांत सहगल यांच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांनी सांगितलं की त्या परक्या कुठे आहेत, त्यांचे वडील मराठीच! हे खरं आहे. रणजित सीताराम पंडित मूळचे कोकणातले, संस्कृतचे विद्वान. कल्हणाच्या राजतरंगिणीचं इंग्रजी भाषांतर त्यांनी तुरुंगात केलं. बरेलीच्या तुरुंगात प्रकृती ढासळल्यावर त्यांना सोडलं आणि 14 जानेवारी 1944 ला ते गेले. यवतमाळचं संमेलन 13 जानेवारी 2019 ला आटोपलं. दुसऱ्या दिवशी पंडितांच्या मृत्यूला 75 वर्षं पूर्ण झाली, त्यांच्या मुलीला दारातून परत पाठवलेल्या शहरात.

तरीही हा बचाव मला नको आहे. वडील मराठी म्हणून ती आपली, हे म्हटलं की वडील मराठी नसते तर हाकललं ते बरोबर होतं, असं मान्य केल्यासारखं होतं. सहगल बंगाली असत्या, तमिळ असत्या, इराणी असत्या, तरी एकदा पाहुणी म्हणून बोलावलेल्या लेखिकेला येऊ नका असं कळवणं वऱ्हाडात शोभणारं नव्हतं. आणि इंग्रजीचं कारण देणाऱ्यांचं म्हणणं मी मनापासून खरं मानलं असतं, जर त्यांनी त्याच वर्षी जिल्ह्यातल्या बंद पडत चाललेल्या मराठी शाळांच्या दारात असंच ठाण मांडलं असतं. सहगल यांचं भाषण आधीच इथे पोचलं होतं. 2015 मध्ये त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता, हे सर्वांना ठाऊक होतं. सत्तेला बोचेल असं काही बोलणाऱ्या माणसाला थोपवायचं असलं की ‘बाहेरचा’ हा शिक्का हाताशी असतो. तो शिक्का मारताना मराठीचं नाव घेतलं गेलं, याचा मला अधिक राग आहे.

कारण मराठी अशी नाही. यवतमाळच्या संमेलनाच्या आयोजकांत डॉ. वि. भि. कोलते यांच्या नावाचं वाचनालय होतं. कोलत्यांनी आयुष्य वेचलं ते महानुभाव वाङ्मयासाठी. लीळाचरित्राची संहिता त्यांनी सिद्ध केली. आणि लीळाचरित्र आहे कोणाचं? चक्रधरांचं. चक्रधर भडोचचे, गुजरातचे. ते वऱ्हाडात आले, ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटले, गोदातीरी फिरले, मराठीत बोलले, आणि त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लिहून काढल्या तेव्हा मराठीला तिचा पहिला मोठा गद्यग्रंथ मिळाला. बाहेरच्या माणसाला उद्घाटनाचा अधिकार नाही, असा नियम तेराव्या शतकात लावला असता तर मराठी गद्याचंच उद्घाटन झालं नसतं.

पुढेही हेच घडत आलं. गोव्यात राचोलला राहिलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. मोल्सवर्थचा कोश 1831 चा, आजही शब्द अडला की अभ्यासक तोच उघडतात. स्टीफन्स धर्मप्रसारासाठी आला आणि मोल्सवर्थ कंपनी सरकारच्या लष्करात होता, हे विसरायचं कारण नाही. पण त्यांनी भाषेला दिलं ते भाषेने ठेवून घेतलं. आणि आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट: अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑम्व्हेट सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात सून म्हणून आल्या, भारताच्या नागरिक झाल्या, फुले-आंबेडकरी चळवळीवर आणि परित्यक्ता बायकांच्या प्रश्नावर आयुष्यभर लिहीत-लढत राहिल्या आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये त्याच गावात गेल्या. मॅक्सिन बर्नसन फलटणला आल्या आणि मागासवस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवण्यात त्यांनी उभी हयात घालवली. कासेगाव आणि फलटण ही काही मुंबईसारखी शहरं नव्हेत. तिथल्या बायाबापड्यांनी या दोघींना घरात घेतलं ते संस्कृती सोडून नव्हे.

संमेलनाचं उद्घाटन अखेर वैशाली येडे यांच्या हातून झालं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या या शेतकरी स्त्रीच्या नवऱ्याने आत्महत्या केलेली. ‘तेरवं’ या नाटकात त्या काम करत होत्या. त्या व्यासपीठावर उभ्या राहिल्या याचा मला अभिमान आहे. पहिल्यापासून त्यांनाच बोलावलं असतं तर संमेलनाची शान वाढली असती. पण एका बाईला परकी म्हणून काढलं आणि ती जागा भरायला दुसऱ्या बाईला आणलं, यात दोघींचाही मान राखला गेला नाही. शिवाय गावागावांतल्या अशा बायकांना विचारा, परकेपणा काय असतो ते. नवरा गेला की हळदीकुंकवाचं बोलावणं थांबतं, सासरी सातबाऱ्यावर नाव लावायला नकार मिळतो, रात्री उशिरा घरी आली तर शेजारचं दार किलकिलं होतं. तिने सीमा ओलांडलेली नाही, भाषा बदललेली नाही, ती ज्या घरात सून म्हणून आली त्याच घरात उपरी झाली. संशयाचं मूळ शोधायला निघालेल्यांनी खैबर खिंडीत जाण्याआधी या ओसरीवर थांबावं.

आणि आपणही कुठेतरी परके असतो. वणीचे लोकनायक बापूजी अणे 1941 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले तेव्हा परदेशांतल्या हिंदी लोकांचं खातं त्यांच्याकडे आलं. लगेच जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि लाखो हिंदी माणसं जंगलवाटांनी, आजारी, उपाशी, आसाम-मणिपूरकडे चालत निघाली. त्यांच्यातल्या अनेकांना बॉम्बइतकीच भीती शेजाऱ्यांची होती. 1930 मध्ये रंगूनच्या गोदीत आणि 1938 मध्ये साऱ्या ब्रह्मदेशात हिंदी लोकांविरुद्ध दंगली झाल्या होत्या. तिथला युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे: हे बाहेरचे आम्हाला लुटतात. चेट्टियार सावकारांनी तिथल्या शेतकऱ्यांची भातशेती खरोखरच घशात घातली होती. पण 1930 मध्ये रंगूनच्या रस्त्यावर मेले ते गोदीतले तेलुगू हमाल. 1943 मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी अण्यांनी राजीनामा दिला आणि पुढे 1947 पर्यंत ते सिलोनमध्ये भारताचे प्रतिनिधी होते. तिथे चहाच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांचा प्रश्न होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राबलेल्या या लोकांना 1948 च्या कायद्याने नागरिकत्व नाकारलं आणि ते कुठल्याच देशाचे राहिले नाहीत. यवतमाळ जिल्ह्यातला एक माणूस सुमारे सहा वर्षं दुसऱ्यांच्या देशात ‘बाहेरचे’ ठरलेल्या आपल्या लोकांची बाजू मांडत होता. त्याच्या जिल्ह्याने तरी हा शब्द इतक्या सहज वापरू नये.

2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकललं गेलं आणि मग ते भारतीयच असल्याचं सिद्ध झाल्यावर परत आणावं लागलं. बेकायदा आलेल्यांवर कायद्याने कारवाई करावी, याला कोणाची हरकत असेल? पण बोली, दाढी आणि लुंगी पाहून माणूस परका ठरवण्याची ही रीत आपल्याच पोरांवर उलटणारी आहे. आज जिल्ह्यातली तरुण मुलं सुरतेला, हैदराबादला, बेंगळुरूला, तेलंगणातल्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. तिथे कोणी उद्या त्यांच्या हिंदीतला वऱ्हाडी हेल ऐकून ओळखपत्र मागू लागलं, तर आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

माझी साहित्य महामंडळाला आणि यवतमाळच्या साहित्यसंस्थांना विनंती आहे, की 2019 च्या निर्णयाबद्दल चूक झाली असा रीतसर ठराव करा आणि तो इतिवृत्तात नोंदवा. पुढच्या पिढीला तो वाचता आला पाहिजे. ग्रामपंचायतींना माझं सांगणं याहून सोपं आहे. पाऊस उघडला की नाथजोगी, बहुरूपी, गोसावी गावोगाव निघतात, गावाबाहेर त्यांची पालं पडतात. त्यांना पाण्याच्या जवळची जागा नेमून द्या, कोण आलं आहे ते दवंडी देऊन किंवा लाऊडस्पीकरवरून साऱ्या गावाला कळवा.

आणि वाचणाऱ्याला एवढंच: गावाच्या ग्रुपवर ‘मुलं पळवणारे आलेत’ असा निरोप आला तर तो पुढे पाठवू नका. पोलीस पाटलाला उठवा, 112 ला फोन लावा, आणि जमाव जमायच्या आत त्या माणसांजवळ जाऊन उभे राहा.